ट्रकचे एक्सल, माझी जीप आणि दादाची सीताफळाची बाग

जूनमध्ये माझ्या जीपचा मागचा एक्सल दुसऱ्यांदा तुटला, तेव्हा शेजारच्या सीटवर दादा होता, माझा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी अपघातात त्याचा खुबा मोडला, तेव्हापासून वॉकरशिवाय चालता येत नाही. त्याची सीताफळाची बाग आमच्या गावापासून चार किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि वाट म्हणजे दगडांनी भरलेला नाला. त्या नाल्यात जीप मोडून पडली आणि चार जणांनी त्याला खाटेवर घालून खाली आणलं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "शैले, आता बस झालं. बाग इकून टाकतो."

ऑक्टोबरात वहिनीचा फोन आला. गिऱ्हाईक ठरलंय, शुक्रवारी दुपारी इसार. मला रडूच आलं. एकेका रोपाला खांद्यावरून पाणी नेऊन घातलेला माणूस बाग न बघता सही करणार? मी आठवड्याची सुट्टी टाकली. नवऱ्यानं विचारलं, "जाऊन करणार काय?" म्हटलं, "जीपला ट्रकचे एक्सल बसवणार." त्यानं कोपरापासून हात जोडले.

शनिवारी पहाटे पाचला पुणं सोडलं. नगर, संभाजीनगर करत दुपारी जालन्याला. जुनी जीप साठच्या वर गेली की दारं खडखडतात, तेव्हा घाई असलेल्यांनी हा नाद करू नये. जालन्याला भंगाराच्या दुकानात लष्कराच्या निकाली काढलेल्या ट्रकच्या एक्सलची जोडी मी फोनवरच ठरवून ठेवली होती. साध्या ट्रकचा पुढचा एक्सल चाकं ओढत नाही, म्हणून लष्करी ट्रकचेच हवेत. जोडी साठ हजाराला पडली, टेम्पो वेगळा. एक्सल चढवायला सहा जण लागले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर घर बांधायचंय का?"

सिंदखेडराजावरून मेहकरला पोचेस्तोवर दिवस मावळला. बसस्टँडजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा एकशेवीस रुपयांत, भाकरी मागाल तेवढ्या. ठेचा मात्र जपून घ्या, माझ्या कानातून धूर निघाला.

सलीमभाईंचं गॅरेज मेहकरच्या बाहेर, चिखली रस्त्याला. आयुष्य ट्रकखाली गेलेला माणूस. रविवारीही शटर उघडून बसले होते. जीप बघितली, एक्सल बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, हे तं बैलाचे पाय बकरीले लावनं झालं."

"शुक्रवारी सकाळी दादाला वर न्यायचंय."

"मंग बसोतो," ते म्हणाले. पुढचे तीन दिवस कापणं, जोडणं, वेल्डिंग. मी मेहकरच्या लॉजवर राहत होते आणि सकाळी आठपासून त्यांच्यासोबत ग्रीसमध्ये.

आता माझं शहाणपण ऐका. मी पुण्यात पंप डिझाइन करते, म्हणजे नकाशे कोळून प्यायलेली बाई. एक्सलच्या पोटात जो गोल गोळा असतो, त्यातून इंजिनाची ताकद चाकांकडे वळते. ट्रकच्या मागच्या एक्सलचा गोळा डावीकडे आणि जीपचा शाफ्ट उजवीकडून येणारा. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, एक्सल उलटा करा, खालची बाजू वर. गोळा आपोआप उजवीकडे जाईल.

सलीमभाईंनी डोकं खाजवलं. "म्या उलटा कधी बसवला नाही, ताई."

"नकाशात बरोबर बसतोय."

"तुमी इंजिनिअर हात. बसोतो."

बुधवारी दुपारी चारला मी जीपमध्ये बसले. पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि जीप झपकन मागे जाऊन पत्र्याच्या कुंपणावर आदळली. मला वाटलं, चुकून रिव्हर्स पडला. पुन्हा पहिला टाकला, पुन्हा मागे. रिव्हर्स टाकला तर जीप ऐटीत पुढे! एक्सल उलटा केला की गोळ्यातलं मोठं चक्र पलीकडच्या बाजूला जातं आणि चाकं उलटी फिरतात, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित मी विसरले होते. समोरच्या टपरीवरची माणसं पोट धरून हसत होती. "चार गियर मांगं अन् एक पुढं! मॅडम, पुण्याले तोंड इकडं करूनच जा आता!"

सलीमभाई हसले नाहीत. मी बोनेटवर डोकं टेकवलं. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटत होतं. तीन दिवस पाण्यात, आणि हातात उरला फक्त गुरुवार.

"सलीमभाई, चूक माझी. एका दिवसात होईल?"

"एक्सल सुलटा करतो. शाफ्ट थोडा तिरका चालन," ते म्हणाले, "पन पुढं चालन."

गुरुवारी सकाळी सातला सुरू केलं, जेवणसुद्धा उभ्यानं. पाच वाजता जीप पुढे गेली आणि मी गॅरेजात नाचले. एक महत्त्वाचं: असे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणायला आरटीओची परवानगी लागते. आम्ही ती टेम्पोवर चढवून हिवरा आश्रमाच्या पुढे आमच्या गावी नेली.

शुक्रवारी सकाळी दादा यायला तयार नव्हता. "काऊन मांगं लागली वं? परत तमाशा करतं काय?"

"एकदा बघ आणि मग खुशाल वीक."

वहिनीनं त्याचा वॉकर मागे टाकला आणि स्वतः चढून बसली.

नाल्यात जीप ट्रॅक्टरच्या चालीनं चालली. स्टेअरिंग इतकं जड की माझे खांदे भरून आले. जूनमध्ये मोडली होती तो काळा कातळ आला तसा दादानं दांडा घट्ट धरला. "थांब शैले, उतरतो म्या."

"कुणी उतरायचं नाही!" मोठ्या भावावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. पुढचं चाक कातळावर चढलं, जीप कलली, मागून दगड घरंगळल्याचा आवाज आला. काही तुटलं नाही. दुसरं चाक चढलं आणि आम्ही माथ्यावर आलो.

दादा वॉकर घेऊन झाडांत शिरला. गवत किती माजलंय, ही फांदी कोणी मोडली, फळाचे डोळे उघडलेत तरी तोडलं कसं नाही, तासभर नुसत्या शिव्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाचा पट्टा चालू. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग तो बांधावर टेकला. "तू परवा पुण्याले जाशीन. मंग मले कोन आनन?"

ही जीप घेऊन लडाखला जायचं म्हणून मी सहा वर्षं तिच्यात जीव ओतला होता. सगळं माहीत असूनही हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, कारण उत्तर मला नको होतं. मी चावी काढून वहिनीपुढे धरली.

"स्टेअरिंग जड आहे, वहिनी."

"बारा वर्सं ट्रॅक्टर कोन चालोते मंग?" असं म्हणून तिनं पदर खोचला आणि जीप खाली घेऊन आली. कातळावर माझ्यापेक्षा चांगली उतरवली. गिऱ्हाईक ओट्यावर चहा पीत बसलं होतं. दादा म्हणाला, "भाऊ, माफ करजा. बाग नाही इकत."

मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत आले, तिकीट नऊशे रुपये. आता सोसायटीतली माझी पार्किंगची जागा मोकळी असते. खोटं कशाला बोलू, जीपची फार आठवण येते. रविवारी सकाळी हातांना काय करावं ते कळत नाही.

काल दुपारी दादाला तीनदा फोन लावला, वहिनीलाही लावला. लागलाच नाही. बागेत रेंज येत नाही.