इस्तारीने परत आणलेले इअरफोन

दिलेला माल परत आणणारा माणूस मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. भद्रावतीच्या बाजारात माझं घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माझ्या हातून गेलेली वस्तू सहसा पुन्हा माझ्या दारात येत नाही. इस्तारी दुर्गेने मात्र १९८६ च्या उन्हाळ्यात तीन इअरफोन परत आणले, आणि चौथा आणला तेव्हा माझं डोकं फिरलं.

इस्तारी एका कोळसा खाणीत ड्रिलर होता. सुरुंग भरण्यासाठी कोळशाच्या भिंतीत भोकं पाडायची, हे त्याचं काम. घरापासून खाण सात मैल, जाणं-येणं सायकलवर. ड्युटीवरून आला की चहा पिऊन तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावायला जाई. चौतीस वर्षांचा, दोन पोरींचा बाप, दिवसभर ड्रिल पेलून वर धावतो म्हणजे लोकांना वेडाच वाटे. पण त्याला खाणीच्या रेस्क्यू टीममध्ये शिरायचं होतं. खाणीत आग लागली किंवा गॅस भरला की पाठीवर ऑक्सिजन घेऊन आत जाणारी ती माणसं. त्याचा थोरला भाऊ पत्रू सात वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या खाणीत गॅसमध्ये अडकून गेला. मदत पोचली तोवर सगळं संपलं होतं. इस्तारी त्यावर फार बोलत नसे. अर्ज भरला होता, तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर होती, आणि पस्तिशीनंतर कुणाला घेत नसत. ही एकच संधी होती.

धावताना त्याला रेडिओ लागे. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर मीच त्याला दिला होता.

"गाण्यावर पाय पडते, हरिदासभाऊ," तो म्हणायचा. "नाईतं तिसऱ्या फेरीतच मन घरी पळून जाते."

पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला नागपूरहून आणलेला, डोक्यावर पट्टी अन् दोन्ही कानांवर स्पंज असलेला हेडफोन दाखवला. त्याने हातसुद्धा लावला नाही.

"दोन्ही कान बंद करून मले मरायचं हाये का? मागून कोळशाचा ट्रक येते, सांजेले पाळीवर डुक्कर निघते. उजवा कान मोकळा पायजे. डाव्यात बसन असा एकच दे. पण मजबूत दे."

मग आम्ही तासभर निवडत बसलो. गिऱ्हाईक कसं असावं ते त्याच्याकडून शिकावं. त्याने प्रत्येकाची वायर बोटाला गुंडाळून ओढून पाहिली. पिनेपाशी वायर कुठे मुडपते ते पाहिलं, कारण तुटते ती तिथेच. नुसतं कडक प्लास्टिक घामाने कानातून घसरतं, म्हणून रबरी टोपीवाला घेतला. दुकानातल्या दुकानात दहा उड्या मारल्या. नाही पडला. समाधानाने गेला.

दहा दिवसांनी परत. "आवाज बसला, भाऊ."

मी दुसरा दिला, जाड वायरीचा. पुन्हा तेच. तिसरा दिला, त्याहून चांगला. पुन्हा दारात हजर! चिडत नव्हता, भांडत नव्हता, नुसता कपाळाला आठी घालून उभा राहायचा, अन् त्याचाच मला जास्त राग यायचा. परत आलेले इअरफोन मी न बघता एका डब्यात टाकत गेलो. खरं सांगतो, दुसऱ्याच्या कानातला मळ अन् वर कोळशाची भुकटी, ते माझ्या कानात घालायची मला किळस वाटायची. ती किळस नसती तर पहिल्याच खेपेला उलगडा झाला असता. आजही त्याची लाज वाटते.

चौथ्या वेळी मात्र मी भडकलो. "काऊन रे, माझ्याच दुकानाच्या मागं लागला तू?"

"भाऊ, रविवारी घेतला तवा खणखण वाजून राह्यला होता. बुधवारपासून बसला. दरवेळी असंच होते."

मी डबा काढला. चारही इअरफोन स्पिरिटने पुसले, अन् एकेक करून स्वतःच्या कानात घातले. चारही असे वाजत होते की मी दचकून आवाज कमी केला. जिंकल्यासारखा मी त्याच्याकडे वळलो, अन् हाताला आला तो त्याच्या उजव्या कानात घातला.

"हां, हा चांगला वाजते," तो म्हणाला.

तोच काढून मी डाव्या कानात घातला. त्याची आठी परत आली.

"गेला पुन्हा."

 मग त्यानेच हळूहळू सांगितलं. ड्रिल मशीन तो डाव्या खांद्याशी टेकवून धरतो, बारा वर्षं झाली. कानात बोळे घालायला मिळतात, पण ड्रिलर घालत नाहीत. भोक पाडण्याआधी वरचं छत काठीने ठोकून पाहावं लागतं. भरीव आवाज आला तर पुढे व्हायचं, पोकळ आला तर मागे सरायचं. त्या आवाजावर सगळ्यांचा जीव, म्हणून कान उघडेच ठेवायचे, अशी त्यांची रीत. रविवारच्या सुट्टीत कान जरा मोकळा व्हायचा, बुधवारपर्यंत पुन्हा मिटायचा. अन् आम्ही दोघं वायरी ओढून बघत बसलो होतो.

मी घड्याळवाला. डॉक्टर कान कसा तपासतो ते मला ठाऊक होतं. मागे उभं राहून कानाशी घड्याळ धरायचं, टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. मी त्याला म्हणालो, "घड्याळ जवळ आलं की बाहीचा वारा लागते मानेले. तेवढ्यावर हात वर कर. कोणाले कळणार नाई." त्याचं धावणं मी तीन महिने पाहत होतो. ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

तो बराच वेळ इअरफोनची वायर सरळ करत बसला.

"आतमंदी धूर रायते, भाऊ. हात दिसत नाई. कोणी डाव्या बाजूनं हाक मारली अन् मले ऐकू नाई आली तं? पत्रूनं किती हाका मारल्या असतीन."

तपासणीच्या दिवशी त्याने डॉक्टर घड्याळ काढायच्या आतच सांगून टाकलं. रेस्क्यूच्या यादीतून नाव कापलं. ड्रिलवरूनही काढून त्याला वर, खाणकामगारांना टोपीचे दिवे वाटतात त्या खोलीत घातलं. मला वाटलं आता हा खचला. संध्याकाळी मुद्दाम तलावाकडे गेलो. इस्तारी धावत होता. रोजच्यापेक्षा दोन फेऱ्या जास्त. चेहरा रडून सुजलेला, पण पाय थांबत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला.

"एक इअरफोन दे. बारा माणसांच्या कानात जाईन असा. टोपी धुता आली पायजे."

"बारा कोण?"

"माह्या शिफ्टचे ड्रिलर. मीच तेवढा एकटा बहिरा होऊन राह्यलो असन का?"

डॉक्टरकडे चला म्हटलं तर एकही आला नसता, नोकरीची भीती. माझ्या दुकानात रेडिओ ऐकायला यायला कुणाची ना नव्हती. रविवारच्या सुट्टीत कान मोकळे होतात, म्हणून इस्तारीने मुद्दाम आठवडाभराच्या ड्रिलनंतरचा शनिवार धरला. ड्युटी सुटल्यावर सगळे तसेच काळ्या तोंडाने आले. एकेकाला स्टुलावर बसवायचं, आवाजाचं बटण मी चांगल्या कानाला जेमतेम ऐकू येईल अशा खुणेवर ठेवायचं, आधी उजवा कान, मग डावा. पहिल्या सहांत दोघे डाव्या कानाला अडखळले, अन् सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

सातवा लच्छू. सगळ्यांत जुना. छत ठोकायचा मान त्याचा. त्याने काठी टेकवून 'ठीक' म्हटलं की बाकीचे अकराजण बिनघोर खाली उभे राहत. तो स्टुलावर ऐटीत बसला. उजव्या कानाला जरा वाकून, डोळे बारीक करून, 'हो' म्हणाला. मी इअरफोन डाव्या कानात घातला. तो वाट पाहत बसला. मग माझ्याकडे वळून हसला.

"लाव ना रेडिओ, हरिदासभाऊ."

रेडिओ चालूच होता. बटण खुणेच्या कितीतरी पुढे गेलं होतं, बाजूला उभ्या असलेल्यांना गाण्याचे शब्द कळत होते. कुणी हसलं नाही. इस्तारी पुढे झाला, त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसला अन् त्याचा हात धरून म्हणाला, "लच्छूभाऊ, सोमवारी डॉक्टरकडं जाऊ. आपण सगळेच जाऊ. मी समोर रायतो."