चार रांगा आणि आईची हाक

आधी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांचे आभार मानतो, मग बाकीचं. सातवीतून शाळा सोडून, घरापासून लांब, मी तुळजापूरच्या लॉजवर चादरी धुतो. दुपारी दमून त्यांच्या दुकानात टेकतो. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आवाज आकड्यांच्या रांगांत मांडून गाणं वाजवता येतं, पण रांगा चारच, आणि एका रांगेत एका वेळी एकच आवाज. माझ्या गाण्यात आवाज झाले पाच. पाचवा म्हणजे फोनमध्ये साठवलेली आईची हाक. तीच काढायला निघालो, पण आधी एकदा वाजवून ऐकली.

“आईलाच गप करतूस व्हय रं?” काका म्हणाले. “तुझ्या गाण्यात संबळ अन् झांज कधी एकदम वाजत न्हाईत. बसव की दोघांला एका रांगेत!”

बसवलं. हाक आली आणि दिवसभराचा शीण तिथंच डोळ्यांवाटे वाहून गेला.

काका, तुमची नजर थकली की या कॉम्प्युटरच्या तारा डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग मी करीन. तेवढं शिकतोच.