उठली का बोटं?

दवाखान्यात आली की ती आधी आरशासमोर जायची, पदर बाजूला करायची आणि स्वतःच्या डाव्या गालावर सणसणीत चापट मारून घ्यायची. मग माझ्याकडे वळून विचारायची, "ताई, उठली का बोटं?"

मी म्हणायचे, "नाही." ती हिरमुसून बाकावर बसायची. वेडी आहे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तुम्हीही ठरवलं असतं.

सांगलीत स्टँडजवळच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मी तेव्हा काउंटर सांभाळत असे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लेसरचं मशीन नवं होतं, डॉक्टरांचा हात बसायचा होता, म्हणून तिला फुकट घेतलं होतं. तिचा डावा गाल जन्मापासून लालजांभळा, काळ्या द्राक्षांचा रस सांडल्यासारखा. लेसरचा उजेड कातडीवर ताणून सोडलेल्या रबरासारखा बसतो. लग्नाआधी चेहरा उजळायला आलेल्या मुली पहिल्याच झटक्याला आईला हाका मारत. ही डोळ्यांवर काळा चष्मा लावून स्वस्थ पडून राहायची. "झालं व्हय? एवढंच?"

चापटीवरून डॉक्टर एकदा फारच चिडले, तेव्हा तिनं सांगितलं.

नवरा येता-जाता मारायचा. फक्त डाव्या कानशिलात. आत दाढा हलायच्या, ती रक्त गिळायची, बाहेर काही दिसायचं नाही. दोनदा ती कडेगावला माहेरी पळाली. दोन्ही वेळा नवरा मागोमाग गेला आणि हसत म्हणाला, "मामा, जन्माचा डाग हाय त्यो. हात कुणी लावलाय?" वडिलांनी गाल निरखला आणि तिला परत धाडलं.

"आमच्या आप्पास्नी बोटं दिसाय पायजेत, डॉक्टर. गोरं व्हायचं न्हाई मला."

त्या नवऱ्याला चष्म्याशिवाय मशीनखाली बांधून घालावं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

डाग हळूहळू फिका पडत गेला, कानाजवळ तेवढा उरला. मग एका सकाळी ती आली ती आरशाकडे गेलीच नाही. बेसिनमध्ये रक्त थुंकली आणि माझ्यासमोर उभी राहिली. गालावर चार बोटं लालभडक उमटली होती.

मी धावत बर्फ आणला. तिनं माझा हात धरला. "नको ताई, उतरंल. कडेगावची गाडी कवा हाय?"

मी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीशी बसून तिनं पदर मानेमागे टाकला. लोक वळून वळून बघत होते, आणि ती बघू देत होती.

पुढच्या सिटिंगला तिच्याऐवजी तिचे वडील आले. "लेक घरीच हाय. आता तिकडं धाडत न्हाई. कानापाशी ऱ्हायलंय ते ऱ्हाऊ द्या म्हणाली." मग त्यांनी विचारलं, "आरसा कुठला?"

मी दाखवला. म्हाताऱ्यानं टोपी काढली, आरशासमोर उभं राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग पुन्हा एकदा, अधिक जोरात.

त्यांनी मला काही विचारलं नाही. बोटं उठली होती.