मास्तरांच्या वहीतले ठिपके

टेलर मास्तर आयुष्यात एकाच बाबतीत खोटं बोलले, आणि तेही बायकोशी. नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा ते डायलिसिसला जात. चार तास रक्त नळीतून बाहेर जायचं, धुऊन परत यायचं, आणि संध्याकाळी हाच गृहस्थ दुकानात उभा राहून कोट बेतायचा. नर्ससुद्धा तोंडात बोट घालत. पण उजवा खांदा जीव काढायचा. सुजेवरच्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. उरलीसुरली किडनी आणि पोट, दोन्हींना धोका. बायकोने तर शपथच घातली होती. मास्तर ‘हो’ म्हणाले आणि सुट्या गोळ्यांची डबी बटणांच्या खणात लपवली.

माणूस मात्र हाडाचा शिंपी. लिहून ठेवल्याशिवाय चैन पडेल तर शपथ! गोळी घेऊन ज्याचा कपडा बेतला, त्याच्या मापाशेजारी वहीत एक ठिपका. छाती अडतीस, बाही चोवीस, ठिपका. तारखेसकट.

मग सोनोग्राफीत किडनीवर गाठ दिसली. काढली, कॅन्सरचीच निघाली. पुढच्या तपासणीला मास्तरांनी मान खाली घालून विचारलं, "डॉक्टर, समजा एखाद्याने त्या गोळ्या चोरून खाल्ल्या, तर त्यानेच हे होतं का?"

"खरं सांगू? मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणी म्हणतं या गोळ्यांनी काही कॅन्सर कमी होतात, कुणी म्हणतं किडनीचा वाढतो. डायलिसिसच्या मशीनवरच्या माणसांचं तर काहीच पक्कं सांगता येत नाही. आम्ही माहिती गोळा करतोय, पण पेशंट खरं बोलतील तर ना! जो तो म्हणतो, कधीतरी एखादी."

वही मास्तरांच्या पिशवीतच होती आणि बायको शेजारच्या खुर्चीत. वही काढली तर बत्तीस वर्षांच्या संसारातला विश्वास उसवणार. नाही काढली तर आपल्या मागून मशीनवर येणाऱ्यांनाही हेच उत्तर मिळणार, ‘माहीत नाही’. त्यांनी वही काढली, टेबलावर ठेवली आणि ठिपक्यांचा अर्थ सांगून टाकला.

डॉक्टरबाई पानं उलटत गेल्या तशा खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "मास्तर, एकही गोळी लिहायची सुटली नाहीये!"

बायकोने वही ओढून घेतली. भराभर पानं चाळली, एका तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथून पुढचे ठिपके धरू नका."

"का?"

"चार वर्षांपूर्वी बटण शोधताना डबी सापडली. तेव्हापासून यांनी आणलेल्या गोळ्या मी काढून घेते आणि तिच्यात दुसऱ्या भरते. तुम्हीच लिहून देता त्या पिवळ्या, रक्तासाठीच्या. दिसायला तशाच."

डॉक्टरबाईंनी त्या तारखेखाली ठळक रेघ मारली. पाच वर्षं गोळीची, चार बिनगोळीची, माणूस तोच.

"मला बोलली का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"बोलले असते तर डबीने जागा बदलली असती."

मास्तरांना त्या चार वर्षांतले कोट आठवू लागले. केवढे भारी भारी कोट! "अगं, मग माझा खांदा दुखायचा राहायचा कसा?"

"राहायचा कुठला? रोज झोपेत कण्हायचात. मी तासभर चोळला की मग घोरायला लागायचात."

मास्तरांनी भर दवाखान्यात तिला हात जोडले.