ससा, तोही श्रावणात

ती केस आजही आठवते, आणि आठवते ती वासासकट. ऑगस्टची दुपार होती. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका शांत गल्लीत बंद गॅरेजच्या दाराखालून कांदा-खोबरं भाजल्याचा वास येत होता आणि माझ्या हातात हरवलेल्या मांजराचं पोस्टर होतं.

मी तेव्हा तिथल्या पोलिसांत सार्जंट होते. तक्रार त्या गॅरेजच्या शेजारीणबाईंची होती. त्यांचं तांबूस मांजर बरेच दिवस बेपत्ता होतं, आणि त्या सकाळी त्यांनी शेजारच्या अर्धवट उघड्या गॅरेजमध्ये हुकाला टांगलेला सोललेला प्राणी पाहिला होता. मांजराएवढाच. डोकं नाही, पंजे नाहीत. शेजाऱ्यांच्या तक्रारी एरवी कुंपणावरून आणि पार्किंगवरून असतात. पण या बाई रडत नव्हत्या, कुणाला शिव्या देत नव्हत्या, फक्त पाहिलेलं सांगत होत्या. असा साक्षीदार मी गंभीरपणे घेते.

घर एका डॉक्टरांचं होतं. हॉस्पिटलमध्ये भूल देण्याचं काम करणारे, आडनाव माझ्यासारखंच मराठी. मी इन्स्पेक्टरांना आधीच विचारलं, दुसऱ्या कुणाला पाठवायचं का. ते म्हणाले, तू या माणसाला ओळखतेस का? नाही म्हटलं. मग जा, म्हणाले.

डॉक्टरांनी गॅरेजचं दार उघडलं. आत कॅम्पिंगचा स्टोव्ह, त्यावर पातेलं, आणि कोपऱ्यात छोटा फ्रीझर. दोन्हींत मांस, मटणाचे करतात तसे हाडासकट बारीक तुकडे केलेले, त्यामुळे बघून काही कळण्यासारखं नव्हतं. काय आहे, विचारलं. लॅम्ब, म्हणाले. मांजराएवढं लॅम्ब मी तरी कुठल्या बुचरकडे पाहिलं नव्हतं. बोलताना त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, घरात जाणाऱ्या दाराकडे होतं. फ्रीझरमधला एक डबा त्यांच्या संमतीने सील करून घेतला आणि त्यांना स्टेशनवर यायला सांगितलं.

जबाब वॉर्निंग देऊन, टेपवर, इंग्लिशमध्ये झाला. सॉलिसिटर, म्हणजे वकील, नको म्हणाले. सॉलिसिटर नको म्हणणारा माणूस एक तर निर्दोष असतो किंवा घाईत असतो. बुचरचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मी ब्रेक घेऊन फोन केला. बुचर म्हणाला, डॉक्टरसाहेब चांगले ओळखीचे आहेत, पण उन्हाळाभर दुकानात फिरकलेले नाहीत.

आता त्यांच्या नावावर एक सरळ खोटं जमा झालं होतं. प्राण्याला क्रूरपणे मारल्याचा आरोप लागला असता, तर त्यांचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन धोक्यात येणार होतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी माणूस लॅम्बवर अडून बसलेला. आयुष्यभराची नोकरी पणाला लावून कुणी लॅम्बसाठी खोटं बोलत नाही.

चहाच्या मशीनपाशी मी त्यांना मराठीत विचारलं, "डॉक्टर, हे खोटं माझ्यासाठी आहे की घरच्या कुणासाठी?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आई आलीय सहा महिन्यांसाठी. श्रावण चालू आहे."

"मग?"

"तो ससा आहे हो."

मी म्हटलं, हेच आत येऊन टेपवर बोला. आत गेल्यावर बाहेरचं बोलणं जसंच्या तसं इंग्लिशमध्ये त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, कारण टेपवर नसलेलं बोलणं कोर्टात काही कामाचं नसतं. त्यांची हकीकत अशी होती. एका शेतकऱ्याच्या गव्हात सशांनी उच्छाद मांडला होता. त्याच्या परवानगीने डॉक्टर शनिवारी संध्याकाळी एअर रायफल घेऊन जात, मिळतील ते ससे आणत. आईने कधी मांसाला हात लावला नव्हता. श्रावणात तरी खाणार नाही, असा शब्द त्यांनी तिला दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेले. शेतकरी सत्तरीचा, जमिनीसारखाच कोरडा. सगळं खरं आहे म्हणाला. डॉक्टर नेम धरून मारतो, जनावराला तडफडू देत नाही, फाटक लावून जातो, आणखी काय पाहिजे? मी मांजराचं सांगितलं तेव्हा मात्र तो हसत सुटला.

"त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ससा सोल, पण पंजे ठेव. माझी आजी बिनपंजाचा ससा विकत घेत नसे. सोलल्यावर ससा कोण आणि मांजर कोण, देवच जाणे."

डॉक्टर पंजे का काढत होते, हे मला न विचारताच कळलं. देव्हारा असलेल्या घरात सशाचा एक केसही जायला नको, म्हणून ते डोकं, पंजे, कातडं सगळं शेतातच पुरून येत. आईसाठी इतकी सफाई केली की सशाचं मांजर झालं.

व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, डब्यातलं हाड पाहून ससाच असल्याचं कळवलं. मांजरही सापडलं. मागच्या रस्त्यावरच्या एका आजोबांकडे ते ऐटीत मासे खात राहिलं होतं. शेजारीणबाईंना खजील झाल्यासारखं झालं. मी म्हटलं, तुम्ही पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं, पुढचं शोधणं आमचं काम.

केस बंद झाल्याचं सांगायला घरी गेले, तर डॉक्टर ड्युटीवर होते. आईंनी दार उघडलं, आत बसवलं, चहा टाकला. परत द्यायचा डबा मी गाडीतच ठेवला होता. साखर घालता घालता त्या सहज म्हणाल्या, "सशाचं प्रकरण मिटलं का?"

तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "याचे वडील परसात चूल मांडायचे. हा गॅरेजमध्ये मांडतो. मला काय नाक नाही?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

"चोरून खातो म्हणून बेताने खातो. मला कळलंय हे त्याला कळलं, की रोज शिजवील. तुम्ही बोलू नका हं."

डबा परत घ्यायला डॉक्टर स्टेशनवर आले. सही करताना त्यांनी हळूच विचारलं, "आईला काही कळलं नाही ना?"

मी म्हटलं, "ते पोलिसांच्या अखत्यारीत येत नाही."

सुटकेचा निःश्वास टाकून ते डबा घेऊन गेले. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, समोरचा माणूस उघड खोटं बोलतोय असं दिसलं, की मी आधी चौकशी करायची ती घरी कोण कोण असतं याची.