दंडावरचा गेरू

कुणावर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या. पण "भ्यायचं तर रोगाला भ्या, सुईला कावून?" हे वाक्य कुठंतरी लिहिलेलं राहावं, असं वाटतं.

ते आक्कांचं. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात त्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजायच्या. दुष्काळात संस्थेनं चारा छावणी काढली, आणि गुरांमागं माणसंही तिथंच राहायला आली. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की आक्का त्या जनावराच्या शिंगाला गेरू लावत. कोण राहिलं ते लांबूनच दिसे.

त्या माघात छावणीत फ्लू शिरला. एकेका ताडपत्रीखाली अख्खं घर खोकत होतं. माझ्या आईला दमा. ती महिनाभर उठली नाही.

पुढच्या वर्षीही पाऊस दडला. छावणी पुन्हा उभी राहिली, तशा आक्का तालुक्याच्या दवाखान्यातून फ्लूच्या लशीसह नर्सबाईंना घेऊन आल्या.

"आक्का, आमी काय गुरं हाव का?" पारावर बसल्यासारखं हसत कुणीतरी विचारलं.

"गुरं शाणी हायेत. दरसाल टोचून घेत्यात."

त्यांनी बाही वर केली, सगळ्यांआधी सुई टोचून घेतली आणि वाटीतला गेरू स्वतःच्या दंडाला फासला. दिवसभर तशाच दूध मोजत बसल्या. हसणारे एकेक करून रांगेत आले.

आई आली नाही. "मला गेल्या साली होऊन गेला की. आता परत कशाला?"

"त्यो दरसाल कापडं बदलून येतो, माय. जुनी वळख पुरत न्हाई."

"टोचूनबी आला तर?"

"येईलबी. पण गेल्या सालासारखं आडवं पडायचं भ्या कमी."

आई हटली नाही. मी विज्ञान शिकणारा, शेजारी गप्प उभा होतो. त्याची लाज अजून वाटते.

छावण्या उठल्या, पण आक्का दरवर्षी गेरूची वाटी घेऊन आमच्या दारात यायच्या. "तू हट्टी, तर मी लई हट्टी," म्हणत चहा पिऊन जायच्या.

गेल्या आठवड्यात वसतिगृहावर आईचा फोन आला. आक्का गेल्या. दूध मोजता मोजता छातीत कळ आली, तेवढंच.

मग आई म्हणाली, "आज तालुक्याला गेलते. टोचून घेतलं."

आणि पुढं, "वाटी त्यांच्या सुनंकडून मागून आणली. गेरू लावलाय."