द्वारकाबाईची मुंगी

द्वारकाबाईच्या जिभेला हाड नाही असं सगळी भिल्लवस्ती म्हणते, आणि ते तिलाही मान्य आहे. सिल्लोडच्या डोंगराकडेच्या या वस्तीवर ती आशाताई आहे. म्हणजे लोकांना दवाखान्यात नेणं हे तिचं काम, आणि न येणाऱ्यांना थापा मारण्यात तिचा हातखंडा. आवडती थाप अशी, की तोंडातल्या डागाचा तुकडा तपासायला काढतात ना, ते मुंगी चावल्याएवढंच दुखतं. तिच्या स्वतःच्या तोंडाचा तुकडा कुणी काढला नव्हता, म्हणून इतकं ठासून सांगता यायचं.

थोरल्या जावेपुढे, सरूबाईपुढे मात्र ही मुंगी चालेना. सरूबाईचं तोंड दिवसेंदिवस आवळत चाललं होतं. आमटीत कुस्करलेल्या भाकरीचा घासही आत जाईना. ते बघून द्वारकाबाई तिची भाकरी आणखी बारीक कुस्करून द्यायची. ती लग्न होऊन आली तेव्हा याच जावेनं तिला सांभाळून घेतलं होतं.

"मागं दवाखान्यात गेलते तवा या खिडकीवरून त्या खिडकीवर हाकललं मला," सरूबाई म्हणायची. "भिलाची म्हणून धड बोललं बी नाय कुणी."

एकटीला हाकलतात ना, मग सगळ्या मिळून जाऊ, असं द्वारकाबाईनं सुचवलं.

शेवटी वस्तीतल्या सगळ्या बायकांना एकदमच तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला न्यायचं ठरलं. द्वारकाबाईनं घरोघरी बजावलं, "तोंडं घासून या गं. आपली लाज काढू नका."

बायकांनी ऐकलं. तोंड घासायचं म्हणजे मशेरीनं, तव्यावर काळ्या भाजलेल्या तंबाखूनं. वस्तीत दुसऱ्या कशानं घासायची रीतच नाही. जीपमधून उतरलेलं एकूण एक तोंड चुलीच्या आतल्या बाजूसारखं काळं. तिथल्या डॉक्टर प्रेरणाताई बॅटरी हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. द्वारकाबाईनं सगळ्यांना फैलावर घेतलं. मशेरी वाईट, किती वेळा सांगितलं, कान फुटले का तुमचे? मग तोंड कसं असावं ते दाखवायला ती स्वतः खुर्चीत बसली आणि तिनं आ केला.

सगळ्यात काळं तोंड तिचंच होतं. पहाटे चूल पेटवताना हात सवयीनं डबीकडे गेला होता, आणि बाईसाहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. बायका हसून हसून बेजार झाल्या. त्या हसण्याच्या भरात सरूबाईही खुर्चीत येऊन बसली.

चुळा भरल्यावर दोघी जावांच्या तोंडात पांढरे डाग निघाले. तुकडा काढायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं.

"मी नुसती सोबतीला येते," सरूबाईनं आधीच सांगून टाकलं.

शहरात द्वारकाबाई खिडक्या विचारत पुढे, सरूबाई तिचा पदर धरून मागे. मग द्वारकाबाईला आत नेलं. गालात सुई शिरली तेव्हा तिला आपलं सगळं भाषण आठवलं, आणि तिनं त्या मुंगीला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. बाहेर आली ती गालात बोळा आणि डोळ्यांत पाणी घेऊन.

सरूबाई बाकावर बसली होती. "मुंगी केवढी व्हती गं?"

द्वारकाबाई सवयीनं थाप जुळवायला लागली, पण गाल साथ देईना.

"मुंगी कसली आक्का, इंचू व्हता. सुई टोचती तवा लई दुखतं. मंग बधिर व्हतं. मला लई भ्या वाटलं."

सरूबाईनं तिच्या गालातल्या बोळ्याकडे नीट बघून घेतलं. मग उठली, पिशवी द्वारकाबाईच्या हातात दिली आणि पदर कमरेला खोचला.

"मुंगी म्हणली असतीस तर उठले नसते," ती म्हणाली. "चल, दारापस्तोर सोड मला."